एक पौंड धान्याचा प्रश्न

अवर्षण आणि दुष्काळ हे दोन शब्द व्यवहारांत बहुधा एकाच अर्थानें वापरले जातात. परंतु त्यांच्यांत महत्त्वाचा भेद आहे. अवर्षण म्हणजे पाऊस न पडणें. तें वाऱ्यांवर व ढगांवर अवलंबून असतें आणि त्यावर मनुष्याचा अंमल चालत नाहीं. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. तो कोणाच्या घरांत शिरावयाचा आणि तेथें किती दिवस मुक्काम करावयाचा, हें पेवांतील धान्य, सावकाराचें खातें, सरकारचा वसूल, बाजारचा भाव आणि मजुरीचा दर यांवर ठरतें. एकाच गांवांत, एकाच कोरड्या आकाशाखालीं, एका घरची चूल पेटते आणि शेजारच्या घरची विझते, याचें कारण ढगांत शोधून सांपडणार नाहीं. दख्खनच्या इतिहासांत हा भेद १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें फार स्पष्ट करून दाखविला. त्या दुष्काळांत एक वाद उपस्थित झाला. दिवसभर माती उपसणाऱ्या आणि खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर, धान्य पुरतें कीं नाहीं, असा तो वाद होता. वरवर पाहतां तो हिशेबाचा वाटतो. वस्तुतः राज्यकर्त्यांचें प्रजेशीं नातें काय, हाच प्रश्न त्याच्या मुळाशीं होता.

दख्खनला दुष्काळ नवे नव्हते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें टिकला आणि त्यानें गांवेंच्या गांवें ओस पाडलीं, अशी परंपरा आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत देहूच्या तुकाराममहाराजांच्या घरींही मृत्यूनें प्रवेश केला, हें त्यांच्या चरित्राच्या वाचकांस माहीतच आहे. असें वारंवार घडण्याचें कारण भूगोलांत आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीवर आपटतात आणि आपला बहुतेक सांठा तेथेंच रिता करितात. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें ६० मैलांवर माणदेशांत तो २० इंचांच्या आसपास येऊन ठेपतो. पुण्याचा पूर्वभाग, अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर), सोलापूर, साताऱ्यांतील माण व खटाव आणि दक्षिणेस विजापूर हा सारा टापू या पर्जन्यछायेंत येतो. येथें पाऊस थोडा तर खराच, पण त्याहूनही वाईट म्हणजे तो अनियमित.

या टापूंतील शेतकऱ्यानें आपली शेती या लहरी पावसाशीं जुळवून घेतलेली होती. हलक्या माळजमिनींत मृगावर बाजरी पेरावयाची आणि खोल काळ्या जमिनींत हस्ताच्या पावसाची वाट पाहून रब्बीची ज्वारी पेरावयाची, असा त्याचा क्रम असे. एक पीक बुडालें तर दुसरें हातीं लागे. ज्वारीनें माणसाला भाकर आणि जनावराला कडबा मिळे. चांगल्या सालीं शिल्लक राहिलेलें धान्य जमिनींतील पेवांत भरून ठेवीत. लोहार, सुतार, चांभार, कुंभार, न्हावी आदि बलुतेदार सुगीच्या वेळीं खळ्यावर येऊन आपआपला वांटा नेत. याप्रमाणें एका पिकावर सारें गांव उभें असे. म्हणूनच पीक बुडालें म्हणजे तें एकट्या शेतकऱ्याचें बुडत नसे.

१८७६ सालीं हा दुहेरी आधार एकाच वेळीं तुटला. पावसाळ्याच्या आरंभीं थोडा पाऊस झाला व पेरण्याही झाल्या. पण नंतर आभाळ कोरडें पडलें. बाजरी जागच्या जागीं वाळली. हस्त आणि चित्रा हीं नक्षत्रें कोरडीं गेलीं आणि रब्बीची पेरणी बहुतेक ठिकाणीं होऊंच शकली नाहीं. मुंबई इलाख्यांतील सोलापूर व कलादगी या जिल्ह्यांवर सर्वांत मोठा घाव बसला. पुणें, सातारा, अहमदनगर, बेळगांव व धारवाड हे जिल्हेही होरपळून निघाले. मद्रास इलाखा, म्हैसूर संस्थान आणि निजामाच्या राज्याचा बराच भाग याच आपत्तींत सांपडला.

तथापि केवळ एका सालच्या अवर्षणानें एवढा अनर्थ कां व्हावा, हें समजण्यासाठीं त्यापूर्वींचीं पंधरा वर्षें पाहिलीं पाहिजेत. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस इंग्लंडांत जाईनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधीं नव्हता असा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हातीं पैसा खेळूं लागला. त्याची पत वाढली आणि सावकार त्याला सढळ हातानें कर्ज देऊं लागला. युद्ध संपतांच भाव कोसळले. नेमक्या याच काळांत तीस वर्षांच्या मुदतीनंतरची जमीनमोजणी होऊन अनेक तालुक्यांत साऱ्याचे दर बरेच वाढविण्यांत आले. शेतमालाचा भाव उतरला, सारा चढला आणि कर्ज तसेंच राहिलें. पूर्वीं सावकाराला गांवच्या पंचांची भीड असे. आतां त्याच्या हातीं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आला. निरक्षर कुणब्यानें अंगठा उठविलेल्या रोख्यावर जमीन, बैल आणि घर जप्त होऊं लागलें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं लोकांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल करून रोखे व खातीं जाळलीं. पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. या दंग्यांत माणसांना इजा करण्यापेक्षां कागद नष्ट करण्याकडे लोकांचा कटाक्ष होता, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. या दंग्यांस पुरतें दीड वर्षही लोटलें नाहीं, तोंच दुष्काळ आला. म्हणजे अवर्षणानें ज्याला गांठलें तो शेतकरी आधींच शिल्लक नसलेला, पत गमावलेला आणि साऱ्यानें वांकलेला होता.

दुष्काळ गांवावर एकदम कोसळत नाहीं. तो पायरीपायरीनें उतरतो. प्रथम शेतमजुराचें काम जातें. पीक नाहीं म्हणून खुरपणी नाहीं, काढणी नाहीं, मळणी नाहीं. आणि ज्याच्यापाशीं जमीन नाहीं त्याला त्याच्या श्रमाशिवाय विकावयास दुसरें कांहीं नसतें. त्याच्या मागोमाग विणकर. भाकरीची भ्रांत पडलेलें घर सर्वांत आधीं नव्या लुगड्याचा आणि धोतराचा विचार सोडतें. त्यामुळें सोलापूरसारख्या गांवीं माग चालूं शकत असूनही गिऱ्हाइकावांचून बंद पडतात. त्यानंतर बलुतेदार, कारण खळ्यावर वांटा उरलेला नसतो. शेवटीं खुद्द शेतकरी. तो आधीं घरांतील भांडीं मोडतो, मग बायकोच्या अंगावरचे चांदीचे दागिने, मग गुरें. सगळेच विकावयास निघाले म्हणजे विकत घेणारा उरत नाहीं. दागिन्यांचा आणि जनावरांचा भाव मातीमोल होतो आणि धान्याचा भाव मात्र चढत जातो.

गुरांची दशा तर माणसांहूनही वाईट झाली. धान्य दुरून आणतां येतें; कडबा फार दूरवरून आणणें परवडत नाहीं, कारण बैलगाडीनें वाहून आणावयाचा तर ओढणाऱ्या बैलांनाच त्यांतला पुष्कळसा खावा लागतो. शेतकऱ्यांनीं झाडांचा पाला ओरबाडला, छपरावरचें गवत काढून घातलें, आणि तेंही संपल्यावर दाव्यांतून गुरें सोडून दिलीं. बैल गेला म्हणजे पुढच्या सालीं पाऊस पडूनही नांगर चालत नाहीं. म्हणून दख्खनच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें दुष्काळ पहिल्या पावसाच्या सरीबरोबर संपत नव्हता. बैलजोडी आणि बियाणें पुन्हां उभें राहीपर्यंत तो चालूच राही. कुटुंबेंच्या कुटुंबें वऱ्हाड, खानदेश व कोंकण यांकडे निघालीं. कित्येक मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदींत कामास लागलीं.

त्या वेळीं आगगाडी आलेली होती. १८६० सालीं ती सोलापुरास पोंचली होती आणि १८७१ सालीं रायचूरपर्यंत जाऊन मद्रासच्या मार्गास मिळाली होती. लोहमार्गामुळें यापुढें दुष्काळ पडणार नाहीं, अशी पुष्कळांची समजूत होती. ती अर्धवट खरी ठरली. उत्तरेकडून हजारों पोतीं धान्य आगगाडीनें दख्खनमध्यें आलें, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या गांठीं पैसा आहे त्याच्याकडेच धान्य धांव घेतें. ज्या वाटेनें धान्य आंत येई त्याच वाटेनें तें बाहेरही जाई. आणि दुष्काळ चालूं असतां हिंदुस्थानांतून परदेशीं जाणारा गहू व तांदूळ थांबला नाहीं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांचें धोरण असें होतें, कीं धान्याच्या खासगी व्यापारांत सरकारनें हात घालूं नये आणि भाव बांधूं नयेत; भाव चढले म्हणजे व्यापारी आपण होऊन धान्य आणतील. व्यापाऱ्यांनीं धान्य आणलेंही. तें विकत घेण्यास लागणारी मजुरी मात्र लोकांपाशीं नव्हती.

ती मजुरी देण्यासाठीं सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. रस्ते, तलाव, कालवे आणि दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव यांवर लक्षावधि माणसें आलीं. आरंभीं मुंबई सरकारनें दिलेली मजुरी अगदींच अपुरी नव्हती. परंतु खर्चाचा आंकडा फुगत चालला, तसें कलकत्त्याचें हिंदुस्थान सरकार अस्वस्थ झालें. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठ्या थाटाचा दरबार भरून राणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें. आणि त्याच महिन्यांत दुष्काळी खर्चास आळा घालण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यांत पाठविण्यांत आलें.

टेंपल यांची निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. १८७३-७४ सालीं बंगाल-बिहारमध्यें पीक बुडालें तेव्हां तेथील व्यवस्था त्यांच्याच हातीं होती. त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला आणि भुकेनें मरणाऱ्यांची संख्या अत्यंत थोडी राहिली. या कामगिरीबद्दल त्यांचा गौरव व्हावयास हवा होता. परंतु उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर चोहोंकडून टीका झाली. तोच अधिकारी आतां काटकसर सिद्ध करून दाखविण्यास बाहेर पडला होता. त्यांनीं ठरविलेला दर असा: कामावरील मोठ्या पुरुषास दिवसास एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, बायका व मुलें यांस त्याहून कमी. शिवाय खरोखर गरजू असेल तोच यावा म्हणून काम गांवापासून दूर द्यावें आणि तें मोजून घ्यावें, असाही कटाक्ष होता. म्हणजे परीक्षा भुकेची घ्यावयाची, आणि तीही भुकेल्या माणसास मैलोगणती चालवून.

या दराविरुद्ध दोन बाजूंनीं विरोध झाला. मद्रासेंत तेथील आरोग्य-आयुक्त डॉक्टर कॉर्निश यांनीं शास्त्रीय भूमिका मांडली. कष्ट न करणाऱ्या माणसाच्या शरीरासही ठराविक अन्न लागतें. कष्ट करणाऱ्यास त्याहून पुष्कळ अधिक लागतें. आणि तुरुंगांत सक्तमजुरीच्या कैद्याला जें अन्न दिलें जातें त्यापेक्षांही हा शिधा कमी आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. महाराष्ट्रांत हाच मुद्दा पुणें सार्वजनिक सभेनें उचलला. ही सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेली. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका हे तिचे प्राण होते आणि न्यायखात्यांतील नोकरींत असलेले महादेव गोविंद रानडे हे तिचे मार्गदर्शक. सभेनें आपलीं माणसें खेड्यापाड्यांत व कामांच्या जागीं पाठविलीं. कोणत्या तालुक्यांत किती पाऊस, कोणता भाव, किती गुरें मेलीं, किती घरें ओस पडलीं, याची माहिती जमविली आणि ती अर्जांच्या व वृत्तांतांच्या रूपानें सरकारकडे पाठविली. शहरांतील शिकलेल्या माणसांनीं खेड्यांतील माणसाची भूक मोजून, लिहून, सरकारपुढें पुराव्यानिशीं ठेवावी, ही गोष्ट महाराष्ट्रांत नवी होती.

याहूनही नवी गोष्ट खुद्द मजुरांनीं केली. मजुरी कमी होतांच मुंबई इलाख्यांतील कामांवरून हजारों माणसें, बायकामुलांसह, टोपल्या आणि कुदळी टाकून उठून गेलीं. त्यांनीं दंगा केला नाहीं. धान्याचीं दुकानें फोडलीं नाहींत. या मजुरीवर काम करून मरण्यापेक्षां काम न करितां मेलेलें बरें, एवढाच त्यांच्या कृतीचा अर्थ होता. ज्यांच्यापाशीं सकाळच्या भाकरीची सोय नाहीं, त्यांनीं संप करावा, यांत काय धाडस आहे हें भरल्या पोटीं समजणें कठीण आहे. सरकारनें त्याचा अर्थ निराळा लावला. ज्याअर्थीं लोक काम सोडून जाऊं शकतात, त्याअर्थीं त्यांना खरी गरज नसली पाहिजे, असें अधिकारी म्हणूं लागले. मद्रासेंत पुढें मजुरी वाढवून द्यावी लागली. मुंबईंत मात्र टेंपल हेच १८७७ च्या मे महिन्यांत गव्हर्नर होऊन आले.

सरकारी कामांबाहेर खासगी मदतही चालू होती. जुन्नर भागांतील ओतूर येथून सावित्रीबाई फुले यांनीं २० एप्रिल १८७७ रोजीं जोतीरावांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत गुरें पटापट मरत आहेत, लोक गांवें सोडून जात आहेत आणि सत्यशोधक समाजाचे लोक मदतीच्या कमिट्या करून राबत आहेत, ही हकीकत आली आहे. समाजानें पुण्याजवळ धनकवडी येथें मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. जातीपातींच्या भिंती भुकेपुढेंही सहसा पडत नसत, अशा काळांत तेथें सर्व मुलें एकत्र जेवत, ही गोष्ट लहान नव्हे.

१८७७ चा पाऊसही उशिरां व थोडा झाला. तो पडल्यावर लोक सुखावले नाहींत. कारण अशक्त शरीरांवर पटकी आणि हिंवताप यांनीं झडप घातली. दुष्काळांत भुकेनें मरणाऱ्यांपेक्षां भुकेनें खंगून रोगानें मरणारे अधिक असतात, आणि त्यांची नोंद पटकी किंवा ताप या सदराखालीं होते. पुढील हंगामांत उंदरांनीं अनेक तालुक्यांत उभें पीक खाल्लें. साऱ्याच्या बाबतींत माफी देण्यापेक्षां वसूल तहकूब ठेवण्याकडे सरकारचा कल होता. तहकुबीची रक्कम पुढच्या सुगीच्या मानेवर बसे. १८७२ आणि १८८१ च्या शिरगणत्या ताडून पाहिल्या तर कलादगी जिल्ह्याची लोकसंख्या पंचमांशाहून अधिक घटलेली दिसते. सर्व ब्रिटिश मुलुख मिळून या दुष्काळांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं असा अंदाज आहे.

या आपत्तीचे परिणाम निरनिराळ्या दिशांनीं उमटले. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरीस असलेले वासुदेव बळवंत फडके यांनीं दुष्काळी मुलुखाची दशा पाहिली, आणि १८७९ सालीं रामोशी व इतर गांवकरी बरोबर घेऊन बंड उभारलें. तें फार काळ टिकलें नाहीं. ते पकडले गेले आणि १८८३ सालीं एडनच्या कैदेंत मरण पावले. त्याच १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जांतून सोडविण्यासाठीं कायदा झाला. त्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. या कायद्याचा उपयोग झाला, पण त्याची दुसरी बाजूही होती: वसुलीची खात्री कमी होतांच सावकारानें हात आंखडला किंवा गहाणाऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. ती उणीव भरून काढण्यासाठीं १८८३ व १८८४ सालीं तगाईचे कायदे झाले. परंतु सरकारी तगाईचे अर्जफाटे आणि वसुलीची कडक तारीख यांमुळें शेतकरी बहुधा पुन्हां सावकाराच्याच ओट्यावर जाऊन बसे.

भुकेल्या हातांनीं उभारलेलीं कांहीं कामें मात्र टिकलीं. दौंड-मनमाड लोहमार्ग चालू झाला. माणदेशांतील म्हसवडचा तलाव दुष्काळी काम म्हणूनच हातीं घेतलेला होता. नीरेच्या डाव्या कालव्याचें कामही या दुष्काळांतच निघालें. १८८५ सालीं त्याचें पाणी सुरू झालें आणि पुढें बारामतीचा माळ उसानें हिरवा झाला. परंतु यांतही एक धडा होता. पाटाचें पाणी जेथें पोंचलें तेथें एक नवा बागाईतदार वर्ग उदयास आला. पाट जेथें संपे तेथून पुढचा जिराईत शेतकरी होता तेथेंच राहिला. दुष्काळनिवारणासाठीं आणलेलें पाणी दुष्काळी पिकांस थोडें आणि नगदी पिकांस अधिक मिळूं लागलें. हा प्रश्न पुढें महाराष्ट्रांतून कधींच नाहींसा झाला नाहीं.

सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो विचाराच्या क्षेत्रांत. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं आपला अहवाल दिला. हिंदुस्थानांतील दुष्काळ हे मुख्यतः अन्नाच्या अभावाचे नसून कामाच्या अभावाचे असतात. लोकांस मजुरी मिळाली तर धान्य त्यांच्यापर्यंत पोंचतें, आणि मजुरी बुडाली तर भरल्या बाजारांत ते उपाशी मरतात, हें तत्त्व त्या अहवालांत मांडलेलें आहे. कष्टाच्या कामासाठीं एका पौंडाहून बरेंच अधिक धान्य व त्याशिवाय डाळ लागते, हेंही मान्य करण्यांत आलें. १८८३ सालीं दुष्काळसंहितेचा मसुदा तयार झाला आणि पाऊस चुकला म्हणजे कोणत्या अधिकाऱ्यानें केव्हां काय करावें, याचे नियम ठरले. ज्या वादांत सार्वजनिक सभेचे अर्ज दुर्लक्षिले गेले होते आणि मजुरांचा संप फसला असें दिसत होतें, त्या वादाचा निकाल कागदावर तरी मजुरांच्या बाजूनें लागला.

कागदावरचा नियम आपोआप अमलांत येत नाहीं. १८९६ सालीं पुन्हां पाऊस गेला तेव्हां लोकमान्य टिळकांनीं हाच धागा उचलला. दुष्काळसंहितेंत रयतेला काय देऊं केलें आहे हें त्यांनीं ‘केसरी’तून सोप्या मराठींत समजावून सांगितलें, सार्वजनिक सभेचे प्रचारक गांवोगांव जाऊन, पीक बुडालें असेल तर सूट मागा, काम मागा, पुरती मजुरी मागा, असें सांगूं लागले. यापूर्वीं सभा शेतकऱ्याच्या वतीनें सरकारशीं बोलत असे. आतां ती शेतकऱ्यासच बोलावयास सांगत होती. सरकारला हा फरक बरोबर कळला, आणि १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यता काढून घेतली. पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला, आणि नियम असूनही माणसें मेलीं. कारण नियम राबविणाऱ्यांच्या मनांत अजूनही काटकसरीचीच भीति अधिक होती.

या गोष्टीचा उत्तरार्ध स्वातंत्र्यानंतर घडला. १९७० पासून महाराष्ट्रांत लागोपाठ पावसानें दगा दिला आणि १९७२ सालीं दुष्काळानें उग्र रूप धारण केलें. धान्याची तूट १८७६ हून कमी नव्हती असें म्हणावयास हरकत नाहीं. विहिरी आटल्या, गुरें विकलीं गेलीं, परदेशांतून आलेली तांबडी मिलो लोकांनीं खाल्ली आणि कामांवर सुकडी वांटली गेली. परंतु १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं, आणि १८७७ सारखा मृत्यूचा पूर आला नाहीं. हाल पुष्कळ झाले, कुपोषणही झालें, पण गांवें ओस पडलीं नाहींत. दोन्ही वेळीं आकाश तितकेंच निष्ठुर होतें. मधल्या काळांत निवडून दिलेली विधानसभा, वर्तमानपत्रें, मोर्चे आणि उत्तर देण्यास बांधलेलें सरकार, एवढा पालट झालेला होता.

याच काळांत रोजगार हमी योजना आकारास आली. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यांत तासगांव तालुक्यांत तिचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. १९७२ सालीं ती राज्यभर सुरू झाली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागणाऱ्या खेड्यांतील प्रौढ माणसास काम देणें हें या कायद्यानें सरकारचें कर्तव्य ठरविलें. खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसविण्यांत आला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारांतून दरमहा जी लहानशी रक्कम कापली जाऊं लागली, तिच्यांतून माणदेशांतील मजुराची मजुरी भागविली जाऊं लागली. शहराचें खेड्याशीं असलेलें देणें याप्रमाणें प्रथमच वहींत नोंदलें गेलें. २००५ सालीं संसदेनें याच धर्तीवर साऱ्या देशासाठीं कायदा केला.

तरीही हा इतिहास समाधानानें मिटून ठेवण्यासारखा नाहीं. माणसें भुकेनें मरूं न देणें ही पहिली पायरी. शेती उभी ठेवणें ही पुढची. १९७२ नंतर पाण्याचा शोध जमिनीच्या पोटांत खोलवर सुरू झाला. विंधणविहिरी वाढल्या, पंप वाढले, आणि आजोबांच्या काळीं ज्या विहिरीला पोहरा बुडे तिच्या तळाशीं आतां उन्हाळ्यांत धूळ दिसते. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणीपंचायत सुरू करून पाणी जमिनीच्या मानानें न देतां घरांतील माणसांच्या मानानें वांटावें आणि त्यावर उसासारखें पीक घेऊं नये, असा नियम घालून दाखविला. प्रयोग लहान होता. पण एक पौंड धान्याच्या वादांत जो प्रश्न होता तोच त्यांतही होता. थोडें असतां तें कोणाला, किती आणि कोणत्या न्यायानें द्यावयाचें?

पाऊस कमी पडणार नाहीं, अशी हमी कोणतेंही सरकार देऊं शकत नाहीं. पर्जन्यछायेचा प्रदेश पर्जन्यछायेंतच राहणार आणि हस्त पुन्हां कोरडा जाणार. परंतु अवर्षणाचा दुष्काळ होऊं द्यावयाचा कीं नाहीं, हें मात्र माणसांनीं ठरवावयाचें असतें. १८७७ च्या हिंवाळ्यांत ज्या अनामिक बायापुरुषांनीं कुदळी खालीं ठेविल्या, त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत. त्यांपैकीं किती जण पुढचा पावसाळा पाहूं शकले हेंही कोणास ठाऊक नाहीं. कष्ट करणाऱ्याचें पोट भरलेंच पाहिजे, हें त्यांचें म्हणणें मात्र शंभर वर्षांनंतर कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें. तें तेथून पुन्हां खालीं उतरूं न देणें, हें ज्यांच्या घरीं चूल पेटलेली आहे त्यांचें काम आहे.